धावतंय कोण?

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणाऱ्याला लांबलचक शब्दांची धास्ती नसते. ‘फोटोसिंथेसिस’ला प्रकाशसंश्लेषण आहे, ‘मॉर्गेज’ला गहाण आहे, हाताशी शब्द नसलाच तर परिभाषाकोश आहेत, त्या त्या विषयातली जाणती माणसं आहेत. कसोटी लागते ती पोरासोरांनाही येणाऱ्या क्रियापदांपाशी. गेट, सेट, पुट, टेक, गो, रन. यांचा प्रतिशब्द शाळेतल्या पहिल्याच पुस्तकात मिळालेला असतो आणि पुढे आयुष्यभर तोच आडवा येतो. रन म्हणजे धावणे, हे एकदा पक्कं बसलं की अनुवादात कारखाने धावायला लागतात, ताप धावतो, शेताच्या कडेने कुंपण धावत जातं. मी इतकी वर्षं हे काम करत आले, त्यात या एका क्रियापदाने मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवलं नाही.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे नोंदींची उजळणी सुरू झाली तसा तो मान २०००मध्ये ‘मेक’कडे गेला, २००७मध्ये ‘पुट’कडे, आणि २०११मध्ये ‘रन’ने सगळ्यांना मागे टाकलं. एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर हे संपादक या एका नोंदीसाठी नऊ महिने बसून होते. मला ही बातमी कळली तेव्हा आश्चर्यापेक्षा दिलासा जास्त वाटला होता. ज्या शब्दापाशी आपण अर्धा अर्धा दिवस अडकतो, तिथे कोशकारही अडकतात. सॅम्युअल जॉन्सननेही १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांची यादीच दिली आहे. कम, गेट, गिव्ह, गो, रन, मेक, टेक, टर्न यांचे अर्थ इतके सैल आणि पसरट की त्यांच्या वळणांचा माग काढताना दमछाक होते, असा त्याचा सूर आहे.

६४५ हा आकडा पाहून वाटतं की एका मूळ अर्थातून रूपकं फुटत गेली असतील. आधी माणूस धावला, मग त्याच्यावरून पाणी, मग यंत्र. पण जुन्या जर्मानिक भाषांमध्ये या शब्दाच्या घराण्यात धावणं आणि वाहणं पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदतात. आजच्या जर्मनमध्ये ‘रेनन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनन’ म्हणजे पाझरणे, वाहणे. म्हणजे इंग्रजीत नदी ‘रन’ होते किंवा लहान मुलाचं नाक ‘रन’ होतं, तेव्हा तिथे कोणतंही रूपक नाही. तो शब्दाचा मूळ हक्क आहे. आणि आपल्याकडेही तेच आहे. संस्कृत ‘धाव्’ धातूला धावणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ आहेत. त्याच रूपाचा दुसरा धातू धुण्याचा. ‘धौत’ हा शब्द त्यातून आलेला. मराठीने यातलं धावणं ठेवून घेतलं आणि पाण्याचं काम ‘वह्’कडे सोपवलं. म्हणून आपली नदी वाहते, आणि त्याच ‘वाहणे’ने आपण ओझं वाहतो, काळजी वाहतो, देवाला फूल वाहतो, गेलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहतो. वाहून नेणं आणि अर्पण करणं एकाच शब्दात बसवणारी ही भाषा आहे, आणि मला तिचा अतोनात अभिमान आहे.

‘रन’चं पीक खरं माजलं ते यंत्रयुगात. गिरण्या, आगगाड्या, घड्याळं, मोटारी, मग संगणक. प्रत्येक नव्या यंत्राने या जुन्या क्रियापदाला कामाला लावलं. आणि इथेच मराठी अनुवादकाला पहिला वळसा घ्यावा लागतो, कारण आपलं यंत्र धावत नाही, चालतं. गिरणी चालते, पंखा चालतो, दुकान चालतं, नाटक चालतं, संसार चालतो, डोकं चालतं किंवा चालत नाही. खटला चालतो. वृत्तवाहिनीवर बातमी ‘चालवतात’. मुलगी विचारते, ‘मी हा ड्रेस घालू?’ आणि आई म्हणते, ‘चालेल.’ दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात ‘चालणें’ची नोंद सावकाश वाचावी, अशी माझी नव्याने अनुवाद करणाऱ्यांना नेहमी विनंती असते. तिथे आपलं स्वतःचं ‘रन’ सापडतं.

यावरून काही जण लगेच निष्कर्ष काढतात की इंग्रजी माणूस धावपळीचा आणि मराठी माणूस संथ, म्हणून तिकडे यंत्र धावतं आणि इकडे चालतं. मला हे मुळीच पटत नाही. हिंदीत मशीन चलतीच. पण फ्रेंचमध्येही यंत्र चालतं. तिथे त्यासाठी ‘मार्शे’ हे पायी चालण्याचंच क्रियापद वापरतात. जर्मनमधलं यंत्रासाठीचं ‘लाउफेन’ म्हणजे धावणे, आणि तेच रोजच्या बोलण्यात पायी चालण्यालाही वापरतात. फ्रेंच कारखान्यांना कोणी संथ म्हणत नाही. भाषेला एक गतीचं क्रियापद यंत्रासाठी हवं होतं, जे जवळ होतं ते तिने उचललं, इतकंच. स्वभावाचे निष्कर्ष शब्दकोशातून काढू नयेत. काढायचेच तर वाक्य कसं रचलं जातं त्यातून काढावेत, आणि तेही जपून.

मात्र धावणे आणि चालणे या दोन क्रियापदांच्या समांतर चालीत एक फार सुंदर गोष्ट दडली आहे. इंग्रजी ‘करन्सी’च्या मुळाशी लॅटिनमधलं धावण्याचं क्रियापद आहे, आपल्या पैशाचं ‘चलन’ होतं. ‘करिक्युलम’ म्हणजे मुळात धाव, शर्यतीची फेरी; आपल्या ‘अभ्यासक्रमा’तला ‘क्रम’ पाऊल टाकण्याच्या धातूतून आलेला. ‘अभ्यासक्रम’ हा शब्द ज्या कोणी प्रथम योजला, त्याच्या मनात लॅटिन होतं की नव्हतं, याने मला फरक पडत नाही. तिथे धाव, इथे पाऊल, आणि विद्यार्थी दोन्हीकडे वाटेवर. असा जोड सापडला की मी त्या दिवशीचं उरलेलं काम जास्त उत्साहाने करते.

निवडणुकीचं उदाहरण तर मला फारच आवडतं. अमेरिकेत माणूस पदासाठी ‘रन’ करतो. ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. आपल्याकडे उमेदवार निवडणुकीला उभा राहतो किंवा निवडणूक लढवतो. अमेरिकन नेत्याच्या चरित्रात त्याने अमुक साली गव्हर्नरपदासाठी ‘रन’ केलं असं येतं, तेव्हा मी बिनदिक्कत ‘उभा राहिला’ लिहिते. धावण्याचा अनुवाद उभं राहणं! वर्गात हे सांगितलं की विद्यार्थी चमकून बघतात, पण वाक्य वाचल्यावर त्यांनाही पटतं, कारण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तिथे उमेदवारच उभा राहायला हवा, धावपटू नव्हे.

इथून एक सवय मला लागली. ‘रन’ दिसला की मी त्याच्याकडे बघतच नाही. आधी कर्ता बघते. कोण धावतंय? ताप असेल तर तो अंगात भरतो, किंवा नुसती कणकण असते. रंग असेल तर तो जातो, कपड्याला कपड्याचा लागतो. रस्ता असेल तर तो नदीच्या काठाकाठाने जातो. दोष किंवा गुण घराण्यात ‘रन’ होत असेल तर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो, किंवा सरळ रक्तातच असतो. मग कर्म बघते. केसांतून बोटं असतील तर ती फिरवायची, कागदावरून नजर असेल तीही फिरवायची. धोका असेल तर पत्करायचा. आंघोळीचं पाणी असेल तर ते ‘काढायचं’. आपल्याकडे टब नसला तरी बादलीत पाणी काढण्यात तीच घरगुती ऊब आहे. साखर ‘रन आउट’ झाली तर ती संपली, आजीच्या तोंडी सरली. या सगळ्या वाक्यांतून ‘धावणे’ पूर्ण गायब झालं आहे, आणि तरी मूळ वाक्यातलं काहीही सांडलेलं नाही.

उलट दिशेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. इंग्रजीत एका क्रियापदाचे सहाशेंवर अर्थ. आणि आपल्या परंपरेत निघंटूमध्ये, म्हणजे यास्काने ज्याच्यावर निरुक्त लिहिलं त्या वैदिक शब्दांच्या यादीत, ‘जाणे’ या एकाच अर्थाचे १२२ धातू दिले आहेत. एका शब्दाचे शेकडो अर्थ आणि एका अर्थाचे शंभरावर शब्द. निघंटूची यादी नुसती यादी आहे. कोणता धातू घोड्याच्या जाण्याचा, कोणता वाऱ्याच्या, कोणता चोरट्या जाण्याचा, हे ती सांगत नाही. पतंजली मात्र महाभाष्याच्या सुरुवातीलाच एक मोलाचा धागा देतो. जाण्याच्या अर्थी ‘शव्’ हा धातू कंबोज देशात बोलतात, आर्य लोक त्यातून फक्त ‘शव’, म्हणजे प्रेत, एवढंच घेतात. सुराष्ट्रात ‘हम्म्’ म्हणतात, पूर्वेला आणि मध्यदेशात ‘रंह्’, आणि आर्य ‘गम्’ वापरतात. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आहे आणि माझ्या टेबलावर ते आजही कामाला येतं. समानार्थी म्हणून कोशात शेजारी बसलेल्या शब्दांना आपापलं गाव असतं. एका गावात ज्याने माणूस चालतो, दुसऱ्या गावात त्याने त्याचं प्रेत होतं.

मराठीत ‘रन’ला दोन हमरस्ते आहेत, धावणे आणि पळणे, आणि त्यांचीही गावं वेगळी आहेत. प्रमाण भाषेत माझं एक कामचलाऊ सूत्र आहे. धावणाऱ्याची नजर पुढे असते, पळणाऱ्याची मागे. पळण्यात काही तरी सोडून जाणं आहे. त्याचं मूळ संस्कृतातल्या पलायनाशी जुळतं. म्हणून चोर पळतो, मुलगी पळून जाते, भित्रा माणूस पळपुटा ठरतो. धावण्यात कशाची तरी ओढ आहे. वासरू आईकडे धावतं, माणूस मदतीला धावून येतो, भक्त देवाचा धावा करतो. ओढ नेहमी प्रेमाचीच असते असं नाही. कोणी अंगावर धावून येतं, तेव्हाही नजर पुढेच असते. खो-खोत संरक्षकाच्या खेळाला ‘पळती’चा खेळ म्हणतात, कारण त्याच्या पाठीमागे कोणी तरी लागलेलं असतं. सूत्र किती चपखल बसतं!

पण पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतीच्या मैदानावर जा. तिथे बैल ‘पळतो’. ‘लय पळतो’ ही त्याची सगळ्यात मोठी स्तुती आहे आणि त्यात भीतीचा लवलेश नाही. वऱ्हाडात हाच ‘पळ’ ‘पय’ होऊन येतो आणि तिथेही नुसत्या वेगाचा शब्द म्हणून सुखाने वावरतो. पुण्यात टेकडीवर भेटणारी माणसं ‘रोज सकाळी पळायला जातो’ म्हणतात, आणि शर्यतीचा विषय निघाला की तीच माणसं ‘मॅरेथॉन धावलो’ म्हणतात. छंदाला एक शब्द, पराक्रमाला दुसरा. इथे माझं सूत्र मोडतं. मोडू द्यावं. ग्रामीण पार्श्वभूमीच्या कादंबरीत बैलाला ‘धावायला’ लावणारा अनुवाद व्याकरणाने शुद्ध असेल, पण त्या मैदानावरचा एकही माणूस त्याला आपला म्हणणार नाही.

आणि मग बाकीची सगळी पलटण. धूम ठोकणे, पोबारा करणे, सुंबाल्या करणे, पाय लावून पळणे, काढता पाय घेणे, मुसंडी मारणे, चौखूर उधळणे, दौडणे, भरधाव सुटणे, सैरावैरा पळणे, ऊर फुटेस्तोवर धावणे, दुडुदुडु धावणे. यातला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. काढता पाय घेणारा माणूस धावतही नसतो. तो हळूच उठतो, चप्पल शोधतो आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत दाराबाहेर असतो. धूम ठोकणाऱ्याला कोणी पाहिलं तरी फिकीर नसते. दुडुदुडु फक्त लहान मूल धावतं. कोशात हे शब्द स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात, आणि तो स्वल्पविराम फार फसवा आहे. दोन शब्दांच्या मध्ये पूर्ण माणूस उभा असतो. त्याचं वय, त्याची लाज, त्याला कोण बघतंय, तो कशापासून दूर चालला आहे.

नामाच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत होतो आणि ती श्रीमंती हातची जात चालली आहे, याची मला खंत आहे. ‘धाव’ या शब्दाने आजचा वाचक फक्त क्रिकेट ओळखतो. धावा, धावबाद, धावफलक हे शब्द बाळ ज. पंडितांच्या रेडिओवरच्या समालोचनाने अनेकांच्या कानात कायमचे बसले, आणि ते इतके सहज आहेत की ते कधी काळी नवे होते हे जाणवतच नाही. पण त्याआधीपासून शेतकऱ्याच्या घरात ‘धाव’ होतीच. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. मोटेचे बैल विहिरीपासून ज्या उतारावरून खाली जात आणि मोट वर खेचली जाई, तो उतारही धाव. इंग्रजीतही ‘रन’ नामाचा असा एक अर्थ आहे, धावण्याची जागा. कोंबड्यांसाठी कुंपण घातलेलं अंगण असो की बर्फावरून घसरत जायची उतरण. दोन्ही भाषांनी क्रियापदाला जमिनीवर उतरवलं आणि ज्या जागी धावायचं त्या जागेलाच त्याचं नाव दिलं. खेड्यावरच्या इंग्रजी लेखनाचा अनुवाद करताना संधी मिळेल तिथे मी ही जुनी धाव वापरते. मोट गेली, विहिरीवर पंप आला, पण बांधकामाचा तो उतार बऱ्याच जुन्या विहिरींवर अजून दिसतो, आणि जोवर तो आहे तोवर त्याला नाव असायला हवं.

इंग्रजीचं खरं बळ मात्र ‘रन’ला लागून येणाऱ्या छोट्या शब्दांत आहे. आउट, ओव्हर, इनटू, डाउन, थ्रू, अवे. या प्रत्येकाने दिशा कळते, आणि दिशेवरून अर्थ. संपलं, चिरडलं, अचानक भेटलं, निंदा केली, उजळणी केली, पळून गेलं. मराठीत आपल्याकडे दिशादर्शकांचा इतका थाट नाही. आपला थाट क्रियापदाच्या मागे येणाऱ्या दुसऱ्या क्रियापदात आहे. पळत आला, पळून गेला, पळत सुटला, पळू लागला, पळवून लावला, पळवून नेली. इंग्रजी वाक्य आपल्याला सांगतं की धावणारा कुठे निघाला. मराठी वाक्य सांगतं की ते धावणं सुरू कसं झालं, कोणाच्या इच्छेने झालं, संपलं की नाही, आणि बघणाऱ्याच्या जवळ आलं की दूर गेलं. माझ्या मते अनुवादकाच्या कौशल्याची परीक्षा याच जागी होते. दिशेच्या भाषेतून आलेलं वाक्य अशा भाषेत उतरवायचं, जिला त्या क्षणाची नस हवी असते. ‘जाणे’, ‘येणे’, ‘सुटणे’, ‘टाकणे’, ‘बसणे’ यांवर ज्याचा हात बसला त्याच्या अनुवादाला परकेपणाचा वास येत नाही. हा हात कोश वाचून बसत नाही. त्यासाठी कान लागतो, आणि माणसं बोलत असतात तिथे बसून राहण्याची तयारी.

अलीकडे मी एका कादंबरीचा अनुवाद पुरा केला. त्यातलं एक प्रकरण दोन शब्दांच्या वाक्याने संपतं. युद्धात मेला असं सगळ्यांनी धरून चाललेला बाप फाटकाशी येऊन उभा आहे, अंगणात मुलगा आहे, आणि लेखक इतकंच म्हणतो की तो धावला. ‘ही रॅन.’ कुठे धावला ते नाही. बापाकडे, की बापापासून दूर? इंग्रजीला इथे दिशादर्शक न लावण्याची मोकळीक होती आणि लेखकाने ती जाणूनबुजून घेतली आहे. मला ती मोकळीक नव्हती. ‘धावला’ म्हटलं की तो बापाकडे गेलाच. ‘पळाला’ म्हटलं की तो घाबरला. ‘धावत सुटला’मध्ये ओढ, ‘पळत सुटला’मध्ये भीती, ‘धाव घेतली’ हे वर्तमानपत्राचं. लेखकाने जे मुठीत झाकून ठेवलं होतं ते माझं प्रत्येक क्रियापद उघडं करत होतं.

शेवटी मी दोन्ही हमरस्ते सोडले आणि नुसता ‘सुटणे’ ठेवला. ‘आणि तो सुटला.’ गाडी सुटते, वारा सुटतो, दाव्याचं वासरू सुटतं. त्यात वेग आहे, आतून काही तरी तुटल्याची खूण आहे, पण दिशा नाही. त्यात सुटकेचाही एक अर्थ डोकावतो, जो मूळ वाक्यात नाही. त्यावर मी पुष्कळ विचार केला आणि तो राहू दिला, कारण त्या पोराच्या बाबतीत तो खोटा नव्हता. मुद्रितं आली तेव्हा तपासनिसाने त्या ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘कुठे?’ मी ते खोडलं नाही, वाक्यही बदललं नाही. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर तो धान्याच्या कोठारात सापडतो, बापापासून लपलेला, आणि तिथपर्यंत वाचकाने हाच प्रश्न घेऊन यावं अशी मूळ लेखकाची योजना आहे.